नागीणची 'बीन' नेमकी कोणाची?

जत तालुक्यातल्या एखाद्या लग्नाच्या वरातीत तुम्ही कधी चालला असाल, तर पुढचं चित्र तुम्हाला सांगायला नको. वरात मारुतीच्या देवळापाशी आली की थांबते. बेंजोवाल्याच्या कानाला लागून कोणीतरी ओरडतं, "नागीण लाव!" मग एकजण रुमालाचं टोक दातात धरून पुंगी करतो, दुसरा दोन्ही हातांचा फणा काढून रस्त्यावर लोळतो. नव्या कोऱ्या शर्टाचं काय व्हायचं ते होतं. हलगी चढते आणि पाच-सात मिनिटं वरात जागची हलत नाही.

ही धून वाजवणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना मी गेली काही वर्षं एक साधा प्रश्न विचारतेय: ही मूळ वाजवली कोणी? जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या भागातल्या बेंजो पार्ट्या हा माझ्या पीएचडीचा विषय आहे, त्यामुळे असले प्रश्न विचारायची मला मुभा आहे. उत्तरं मात्र एकमेकांशी भांडणारी मिळतात. कोणी म्हणतं खऱ्या गारुड्याला स्टुडिओत बोलावलं होतं. कोणी कल्याणजींचं नाव घेतं, कोणी रवींचं. तिशीच्या आतली पोरं तर सरळ श्रीदेवीचा पिक्चर सांगतात. आणि दर वेळी एकतरी जाणकार असा भेटतोच, ज्याच्या मते मुळात या 'वरातीच्या आवाजावर' संशोधन करणं म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीची नासाडी आहे.

आधी सोपी गोष्ट मिटवू. श्रीदेवीचा 'नगीना' १९८६ चा, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्याच्या बत्तीस वर्षं आधी, १९५४ मध्ये, नंदलाल जसवंतलाल यांचा 'नागिन' आला. वैजयंतीमाला आणि प्रदीप कुमार, संगीत हेमंत कुमार, आवाज लता मंगेशकरांचा. 'मन डोले मेरा तन डोले' हे ते गाणं. आपल्या वरातीतली चाल याच गाण्याच्या सुरुवातीची आणि मधल्या तुकड्यांची आहे. बेंजोवाले बहुतेक वेळा दोन्ही चित्रपटांच्या चाली एकाला एक जोडून वाजवतात, म्हणून पोरांचा घोळ होतो. त्यात त्यांचा दोष नाही.

आता गारुड्याचं. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण ती खरी नाही, आणि ती का खरी असू शकत नाही हे पुंगीच सांगते. पुंगीला भोपळ्यात बसवलेल्या दोन नळ्या असतात. एकीवर बोटं फिरतात, दुसरी एकच सूर धरून ठेवते. वाजवणारा गालात हवा साठवून श्वास न तोडता फुंकत राहतो. पण तिचा पल्ला लहान आणि पट्टी ठरलेली. व्हायोलिनं आणि तबला-ढोलक लावून बसलेल्या वाद्यमेळाशी तिचे सूर जुळवायचे म्हणजे सगळ्या वाद्यमेळानं पुंगीची मनधरणी करायची. म्हणून हेमंत कुमारांच्या खोलीत पुंगीची नक्कल तयार झाली.

ती नक्कल केली त्यांच्या दोन सहायकांनी. एक कल्याणजी वीरजी शाह, कच्छमधून आलेल्या आणि गिरगावात किराणा दुकान चालवणाऱ्या कुटुंबातले. दुसरे रवी, दिल्लीहून मुंबईत आलेले. दोघांची नावं पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून गाजली, पण १९५४ मध्ये दोघेही मदतनीसच होते. कल्याणजींकडे क्लाव्हायोलिन नावाचं वाद्य होतं आणि रवी हार्मोनियमवर होते. दोघांच्या चाहत्यांचं भांडण इथं सुरू होतं: श्रेय कोणाचं?

या क्लाव्हायोलिनबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात तेच जास्त आवडतं. कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ मध्ये ते बनवलं. तीन सप्तकांची छोटी पट्टी, सोबत वेगळा स्पीकरचा डबा, आत रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या. आवाज लहान-मोठा करायला गुडघ्यानं ढकलायचा दांडा. समोरच्या बटणांनी सुराचा पोत बदलायचा. पण एका वेळी एकच सूर वाजतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी दोन सूर निघत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. पुंगीचा पुंगीपणा कशात आहे? चालीखाली न थांबता वाहणाऱ्या त्या दुसऱ्या नळीच्या सुरात. एकसुरी क्लाव्हायोलिन नाकातला वळवळणारा आवाज काढेल, पण त्याखालची धार त्याला एकट्याला देता येणार नाही. हार्मोनियमवर मात्र सूर हवा तितका वेळ धरता येतो. म्हणून माझा तर्क असा की कल्याणजी की रवी हा प्रश्नच चुकीचा बसवलाय. पुंगीला दोन नळ्या आणि या नकलेला दोन माणसं. कोणी कोणता तुकडा वाजवला याची सेकंदावारी वाटणी करणारे चाहते मला भेटलेत, त्यांच्या कानांबद्दल आदर आहे. पण दोघांतला एक काढून घेतला तर उरतं ते वेगळंच काहीतरी, हे त्यांनाही पटतं. निदान दुसरा चहा येईपर्यंत पटतं.

मग हेमंत कुमारांचं काय? १९५६ च्या फिल्मफेअर सोहळ्यात 'नागिन'च्या संगीताचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. चाल त्यांची, कोणतं वाद्य कुठं बोलेल हा शेवटचा निर्णय त्यांचा. पण त्या काळच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांच्यापुढे नावं जातच नसत. वादक हा रोजच्या हजेरीचा माणूस. मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन बसलेल्या कितीतरी गोव्याच्या वादकांचं हेच झालं. कल्याणजी आणि रवी यांचं नाव आपल्याला माहीत आहे, ते ते दोघे पुढे मोठे झाले म्हणून. तसे झाले नसते तर आज आपण खरोखरच गारुड्याची गोष्ट सांगत बसलो असतो.

कायदा याहून कोरडा. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा एक निकाल आहे, वादकांच्या आणि संगीतकारांच्या दुनियेत तो अजून कडवटपणे आठवला जातो. निर्मात्यानं मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक निर्माता, असा त्याचा अर्थ. म्हणजे 'बीन कोणाची' याचं त्या काळचं कायदेशीर उत्तर ना कल्याणजी, ना रवी, ना हेमंत कुमार. वाजवणाऱ्याचा हक्क नावाची गोष्ट आपल्या कायद्यात आली १९९४ च्या दुरुस्तीनं, 'नागिन'नंतर चाळीस वर्षांनी.

त्याच कायद्यात एक गमतीचं कलम आहे, जे मी प्रत्येक बेंजोवाल्याला सांगते आणि प्रत्येकजण खूश होतो. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात धरलेली आहे! स्पष्टीकरणात तसं लिहिलंय. म्हणजे देवळापाशी थांबलेली आपली ती वरात संसदेला ठाऊक आहे. एका बेंजोवाल्या मामांनी यावर विचारलं, "मग गणपतीच्या मिरवणुकीचं काय?" त्यावर वकील वेगवेगळं बोलतात, मी त्यात पडत नाही.

आता दर्जाचा प्रश्न. 'हे काय संगीत आहे?' असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. रात्री बारा वाजता डॉल्बीवर हीच चाल अकराव्यांदा ऐकली की माझंही मत तात्पुरतं तेच होतं. पण आक्षेप नीट बघितला तर तो चालीवर नसतो, नाचणाऱ्यांवर असतो. आणि 'नक्कल आहे, अस्सल नाही' हा दुसरा आक्षेप तर जगभर याच वाद्याच्या मागे लागलेला दिसतो. इंग्लंडमध्ये जो मीक यानं १९६२ मध्ये 'टेलस्टार' ही धून काढली, याच जातीच्या वाद्यावर. एकही शब्द नसलेली ती धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मग एका फ्रेंच संगीतकारानं चोरीचा दावा लावला, मीकचे पैसे अडकले आणि १९६७ मध्ये तो मेल्यावर निकाल त्याच्या बाजूनं लागला. त्याच वर्षी बीटल्सनी एका गाण्यात क्लाव्हायोलिन वाजवलं, तर ते ऐकणाऱ्याला सनईसारखं वाटतं. पुंगीच्या सोंगात हे वाद्य मुंबईत तेरा वर्षं आधी येऊन गेलं होतं.

कल्याणजींच्या बाबतीत हा वाद नंतर पुन्हा उगवला, आणि या वेळी मोठ्या मैदानात. धाकटे भाऊ आनंदजी यांच्याबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात जे चित्रपट केले, 'धर्मात्मा' (१९७५) किंवा 'डॉन' (१९७८), त्यांचं पार्श्वसंगीत फंकच्या अंगानं जातं. फंक म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं नाचाचं संगीत: बेस गिटार पुढे, ताल तुटक आणि 'वा-वा' असा रडका-बोलका आवाज काढणारी गिटार. १९९९ मध्ये अमेरिकेत डॅन द ऑटोमेटर या निर्मात्यानं या भावांच्या अशाच तुकड्यांचा 'बॉम्बे द हार्ड वे' नावाचा अल्बम काढला, ढोल-ताशे नवे चढवून, तुकड्यांना थट्टेची नावं देऊन. परदेशी चाहते विचारू लागले, हा ड्रम कोणी वाजवलाय? हे अस्सल आहे की आयझॅक हेज यांच्या १९७१ च्या 'शाफ्ट'ची नक्कल? प्रश्न तेच, फक्त भाषा इंग्रजी. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या गटानं 'डॉन'मधल्या 'ये मेरा दिल'चा तुकडा उचलून गाणं केलं, त्याला ग्रॅमी मिळालं. मूळ गाण्यातला आवाज आशा भोसल्यांचा, म्हणजे सांगलीत जन्मलेल्या बाईंचा. लताबाईंचं बालपणही सांगलीतच गेलं. आमच्या जिल्ह्यात हे अभिमानानं सांगितलं जातं आणि सांगावंच. पण गाणाऱ्याचं गाव आपल्याला पाठ असतं आणि वाजवणाऱ्याचं नावही नसतं, हा फरक तुम्हीच बघा.

परत जतला येते, कारण माझा खरा मुद्दा इथं आहे. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकन बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेली ही तारांची पेटी म्हणजे बुलबुलतरंग, आणि तिचं मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'तायशोगोतो' बनवलं, तिथून ते इकडे आलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, कर्ण्याला जोडलं आणि ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं. डावा हात बटणांवर, उजव्यात नखी. आणि चालीच्या तारांशेजारी साथीच्या तारा असतात, त्या एकच सूर धरून झणझणत राहतात.

लक्षात आलं का? पुंगीची दुसरी नळी इथं परत आली. मुंबईच्या स्टुडिओत दोन माणसांनी मिळून जे साधलं, ते बिळूरच्या किंवा उमदीच्या रस्त्यावर एकटा बेंजोवाला साधतो. शिवाय तो तेच जसंच्या तसं वाजवत नाही. हलगीच्या चालीवर बसवताना मूळ गाण्यातली संथ लाट जाते आणि तुकडे आखूड होतात. सीमेलगतच्या गावांत पुढच्याच क्षणी एखादं कानडी गाणं जोडलं जातं, कारण वरातीतले अर्धे पाहुणे विजापूरकडचे असतात. यल्लम्माच्या जत्रेतला आणि धनगरांच्या गजीनृत्यातला ठेकाही कुठंतरी डोकावतो. याला नक्कल म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला ती तिसऱ्या हातची रचना वाटते, आणि तिच्या रचनाकाराची नोंद कल्याणजींच्या १९५४ मधल्या नोंदीइतकीही नाही.

ही नोंद आता लवकर करावी लागेल. डॉल्बी आली तशा बेंजो पार्ट्या कमी झाल्या. ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांनी बेंजोच्या जागी कॅशिओ आणि पॅड घेतलेत. कॅशिओत 'पुंगी'सारखा आवाज बटणावर मिळतो, गुडघ्याचा दांडाही नको. मिरजेत बनलेल्या तंबोऱ्यावर कारागिराचं नाव सापडतं. बेंजोच्या पेटीवर असतं ते पार्टीचं नाव आणि 'सुपारीसाठी भेटा'. वाजवणाऱ्याचं नाव गावात विचारलं तर "तो... अमक्याचा पोरगा" इतकंच.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी १९८० किंवा १९९० च्या दशकातल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल तर ती टाकून देऊ नका. शूटिंगवाला वरातीत नाचणाऱ्यांवर कॅमेरा धरायचा, पण देवळापाशी वरात थांबली की ट्रॉलीवरचा बेंजोवाला हमखास दोन-चार सेकंद दिसतो. त्या दोन-चार सेकंदांत कोण आहे, हे सांगू शकेल असं माणूस तुमच्या घरात अजून असेल, तर आधी त्यांना विचारून नाव लिहून ठेवा. कॅसेटला बुरशी लागली असली तरी चालेल, ती पुसता येते.