महाराष्ट्रातील ज्येष्ठ व दिव्यांग प्रवाशांसाठीची सार्वजनिक वाहतूक

महाराष्ट्रातील ज्येष्ठ व दिव्यांग प्रवाशांसाठीची सार्वजनिक वाहतूक या संज्ञेत राज्यातील एस.टी., शहर बससेवा, उपनगरी रेल्वे, मेट्रो आणि रिक्षा-टॅक्सी या सेवांमध्ये वयोवृद्ध व दिव्यांग व्यक्तींसाठी केलेल्या सोयींचा समावेश होतो. या सोयींचे दोन प्रकार आहेत. भाडे कमी करणारी किंवा माफ करणारी ती सवलत. वाहनापर्यंत पोहोचणे, त्यात चढणे, बसणे व उतरणे शक्य करणारी ती सुगम्यता. राज्यात सवलतींची परंपरा जुनी व व्यापक आहे. सुगम्यता मात्र सेवेनुसार बदलते: मेट्रोत ती मूळ आराखड्याचाच भाग आहे, तर एस.टी. व लोकल गाड्यांत ती जुन्या रचनेवर नंतर बसवावी लागली आहे.

व्याप्ती

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. ही गणना आठ प्रकारांनुसार झाली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्याच जनगणनेत राज्यातील साठ वर्षांवरील लोकसंख्या एक कोटीहून अधिक होती. या दोन गटांत मोठी सरमिसळ आहे. उतारवयात दृष्टी, श्रवण व सांध्यांची हालचाल कमी होत असल्याने औपचारिक दाखला नसलेल्या अनेक ज्येष्ठांच्या गरजाही दिव्यांग प्रवाशांसारख्याच असतात. गर्भवती, लहान मुलांसह प्रवास करणारे, शस्त्रक्रियेतून बरे होणारे रुग्ण आणि अवजड सामान असलेले प्रवासी यांनाही उंच पायऱ्या व अरुंद दारांचा असाच अडथळा होतो.

ज्येष्ठ नागरिक कोणास म्हणावे याची मर्यादा सर्वत्र एक नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७च्या केंद्रीय कायद्यात ती ६० वर्षे आहे, एस.टी.ची सवलत ६५व्या वर्षापासून मिळते. दिव्यांगांसाठीच्या बहुतेक योजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आता वैश्विक ओळखपत्र या नावाचे एकच राष्ट्रीय ओळखपत्रही दिले जाते.

कायदेशीर चौकट

दिव्यांग व्यक्तींसाठीचा १९९५चा कायदा हा वाहतुकीतील भेदभावाविषयी तरतूद करणारा पहिला केंद्रीय कायदा होता. त्याची जागा २०१६च्या अधिनियमाने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम ४१ वाहतुकीशी संबंधित आहे. बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ येथील वाहनतळ, स्वच्छतागृहे, तिकीट खिडक्या व तिकीट यंत्रे सुगम्य असावीत, वाहतुकीची सर्व साधने ठरलेल्या मानकांनुसार असावीत आणि रस्ते वापरण्याजोगे असावेत, असे या कलमात म्हटले आहे. जुन्या वाहनांत बदल करण्याची अपेक्षाही त्यात आहे; मात्र तो बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित व आर्थिकदृष्ट्या परवडणारा असावा, अशी अट आहे. भाडेसवलतींचा उल्लेख याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात स्वतंत्रपणे येतो. कायद्याच्या दृष्टीने सवलत हा सुगम्यतेचा पर्याय नसून तिला दिलेली जोड आहे.

केंद्र शासनाने ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू केले. इमारती, वाहतूक आणि माहिती व संपर्क ही त्याची तीन क्षेत्रे आहेत. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून १ मार्च २०२० पासून बसगाड्यांत दिव्यांगांसाठी राखीव आसने व त्यांची चिन्हे, कुबड्या वा काठी ठेवण्याची सोय, आधारदांडे आणि व्हीलचेअर चढवून जागी बांधून ठेवण्याची व्यवस्था यांविषयी तरतुदी करण्यात आल्या.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी सुगम्यतेबाबत सविस्तर निर्देश दिले. याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७च्या नियमावलीतील नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियम सुगम्यता बंधनकारक मानतो, तर नियमाने मानकांना शिफारशींचे स्वरूप दिले होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत निश्चित करण्याचा आदेश केंद्र शासनाला देण्यात आला.

एस.टी. बससेवा

राज्यातील पहिली एस.टी. बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. ग्रामीण भागात तालुक्याचे रुग्णालय, न्यायालय, बँक व बाजार गाठण्याचे एस.टी. हे अनेकांसाठी एकमेव परवडणारे साधन आहे. त्यामुळे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या सवलतींना सामाजिक महत्त्व आहे. त्यांपैकी प्रमुख सवलती पुढीलप्रमाणे आहेत:

• अमृत ज्येष्ठ नागरिक योजना: ७५ वर्षे पूर्ण केलेल्या प्रवाशांना राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास. ही योजना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. वाहक वयाचा पुरावा पाहून शून्य मूल्याचे तिकीट देतो.
• ६५ ते ७५ वर्षे वयाचे प्रवासी: भाड्यात ५० टक्के सवलत.
• महिला सन्मान योजना: १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत.
• अंध व दिव्यांग प्रवासी: भाड्यात ७५ टक्के सवलत. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशाच्या साथीदारासही ५० टक्के सवलत मिळते.

या सवलतींमुळे महामंडळाच्या उत्पन्नात येणारी तूट राज्य शासन प्रतिपूर्तीच्या रूपाने भरून देते.

एस.टी.च्या साध्या गाडीची रचना मात्र खडबडीत रस्त्यांसाठी केलेली आहे. गाडीचा तळ जमिनीपासून उंच असतो, दार अरुंद असते आणि आत जाण्यासाठी चढ्या पायऱ्या असतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशाला उचलून आत न्यावे लागते. अनेक बसस्थानकांत फलाट व गाडीचे दार यांच्या पातळीत फरक असतो, तर फाट्यावरच्या विनंतीथांब्यावर फलाटच नसतो.

शहर बससेवा

मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. बेस्टच्या पारंपरिक पद्धतीत प्रवासी मागील दाराने चढत व पुढील दाराने उतरत. ज्येष्ठ, दिव्यांग व गर्भवती प्रवाशांना पुढील दाराने चढण्याची मुभा असे. त्यांच्यासाठी दाराजवळची आसने राखीव असतात. पुणे महानगर परिवहन महामंडळ २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन स्वतंत्र बससेवांच्या विलीनीकरणातून अस्तित्वात आले. नाशिक महापालिकेने ८ जुलै २०२१ रोजी स्वतःची सिटीलिंक ही बससेवा सुरू केली.

शहर बसची सुगम्यता प्रामुख्याने तिच्या तळाच्या उंचीवर अवलंबून असते. भारतातील शहरी बसमानकांनुसार खालच्या तळाच्या बसची उंची ४०० मिलिमीटर, मध्यम तळाच्या बसची ६५० मिलिमीटर आणि उंच तळाच्या बसची ९०० मिलिमीटर मानली जाते. खालच्या तळाच्या बसमध्ये दारातून दुमडता उतार पदपथावर टाकता येतो व व्हीलचेअर विनासायास आत जाते. काही गाड्यांत थांब्याच्या बाजूने गाडी किंचित झुकवण्याचीही सोय असते. या रचनेचा उपयोग होण्यासाठी थांब्यावर योग्य उंचीचा पदपथ लागतो आणि चालकाने गाडी त्याला चिकटून उभी करावी लागते. थांब्यासमोर वाहने उभी असतील किंवा गाडी रस्त्याच्या मध्येच थांबली, तर खालच्या तळाची बसही प्रवाशाला गाठता येत नाही.

पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर जलद बसवाहतुकीचा प्रयोग सुरू झाला. २०१५ पासून रेनबो या नावाने नवे मार्ग खुले झाले. स्वतंत्र मार्गिका आणि बसच्या तळाशी समतल फलाट ही या पद्धतीची मूळ कल्पना आहे. पण फलाट रस्त्याच्या मध्यभागी असल्याने तेथे पोहोचण्यासाठी प्रवाशाला वाहता रस्ता ओलांडावा लागतो.

उपनगरी व लांब पल्ल्याची रेल्वे

मुंबईच्या लोकल गाड्यांत दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा राखीव असतो. कर्करुग्ण व गर्भवती महिलांनाही त्यात प्रवास करता येतो. हा डबा फलाटावर कोठे येणार हे अंध प्रवाशांना कळावे म्हणून त्या जागी ध्वनिसंकेत देणारी यंत्रे बसवलेली आहेत. राखीव डब्यात अनधिकृतपणे शिरणाऱ्यावर रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम १५५ नुसार दंडात्मक कारवाई होऊ शकते. तरीही गर्दीच्या वेळी या डब्यांत इतर प्रवाशांची घुसखोरी ही नेहमीची तक्रार आहे.

ज्येष्ठ नागरिकांसाठी द्वितीय श्रेणीच्या सर्वसाधारण डब्यांत १४ आसने राखीव आहेत. गर्दीच्या वेळी त्या आसनांपर्यंत पोहोचणेच कठीण असल्याने स्वतंत्र डब्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे करण्यात आली. गाडीतील चार मालडब्यांपैकी एक ज्येष्ठांसाठी देण्याचा निर्णय रेल्वे प्रशासनाने घेतला.

फलाट आणि गाडी यांच्यातील पोकळी हा उपनगरी रेल्वेतील गंभीर प्रश्न आहे. जुन्या उंच फलाटांची प्रमाणित उंची ७६० ते ८४० मिलिमीटर होती. २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात झालेल्या अपघातानंतर हा विषय न्यायालयापुढे आला आणि उपनगरी फलाट सुमारे ९०० मिलिमीटरपर्यंत उंच करण्याचे काम हाती घेण्यात आले. अनेक स्थानकांत लिफ्ट व सरकते जिनेही बसवण्यात आले आहेत.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत अंध, बौद्धिक दिव्यांग आणि साथीदाराविना प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशांना वर्गानुसार २५ ते ७५ टक्के सवलत मिळते. साथीदारासही ती लागू होते. साठीवरील पुरुषांना ४० टक्के व ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के अशी ज्येष्ठांची सवलत कोविड-१९ साथीच्या प्रारंभी, मार्च २०२० मध्ये स्थगित झाली.

मेट्रो

मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका (वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर) ८ जून २०१४ रोजी, नागपूर मेट्रो मार्च २०१९ मध्ये आणि पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. या सेवा सुगम्यतेच्या कायद्यानंतरच्या असल्याने स्थानकांत लिफ्ट, अंध प्रवाशांसाठी स्पर्शमार्ग, रुंद प्रवेशद्वारे, ब्रेल खुणा, ध्वनी व दृश्य उद्घोषणा, तसेच डब्यात व्हीलचेअरसाठी जागा आहे. फलाट व डब्याचा तळ जवळजवळ समतल असतो. मुंबईच्या २अ व ७ या मार्गिकांवर १ मे २०२३ पासून ६५ वर्षांवरील प्रवासी, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना मुंबई १ कार्डावरील पासात २५ टक्के सवलत देण्यात आली. लिफ्टच्या दारापासून घरापर्यंतचा पदपथ मात्र मेट्रोच्या अखत्यारीबाहेर राहतो.

दारापासून दारापर्यंत सेवा

काही देशांत नेहमीची बस वापरू न शकणाऱ्यांसाठी घरून नेऊन आणणारी सेवा सार्वजनिक वाहतुकीचाच भाग मानली जाते. अमेरिकेत १९९०च्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार ठरावीक मार्गांवर बस चालवणाऱ्या यंत्रणेला त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस पाऊण मैल, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटर, अंतरात अशी पूरक सेवा द्यावी लागते. तिचे भाडे नेहमीच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक असू शकत नाही. भारतीय कायद्यात बससंस्थांवर असे बंधन नाही.

महाराष्ट्रात ही उणीव बहुतांशी रिक्षा भरून काढते. तिचा तळ खाली असतो, ती गल्लीत येते व दवाखान्याच्या दारात सोडते. मात्र उघडी व्हीलचेअर तिच्यात मावत नाही आणि संपूर्ण भाडे प्रवाशालाच द्यावे लागते, एस.टी.सारखी सवलत येथे नाही. परवानाधारक चालकाने भाडे नाकारणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७८ नुसार दंडनीय अपराध आहे. मोठ्या शहरांत व्हीलचेअरसह चढता येईल अशी खासगी वाहने भाड्याने मिळतात. मतदानाच्या दिवशी निवडणूक आयोगाच्या सक्षम ॲपवर दिव्यांग मतदारांना केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याच्या सोयीसाठी नोंदणी करता येते. ही सोय मतदानापुरतीच असते.

सवलत आणि सुगम्यता यांतील अंतर

सवलत शासन निर्णयाने राज्यभर एकाच दिवशी लागू करता येते. सुगम्यतेसाठी गाडीची खरेदी, थांब्याची उंची, पदपथाची दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा मेळ लागतो. ही कामे परिवहन संस्था, महापालिका, रेल्वे व रस्ते विभाग यांच्यात विभागलेली असतात. प्रवास ही साखळी आहे; घराबाहेरील पदपथ, थांबा, गाडी, बदलीचे स्थानक व शेवटचा रस्ता यांपैकी एक कडी तुटली तरी उरलेल्या सोयी निरुपयोगी ठरतात. ७५ वर्षांच्या प्रवाशाला एस.टी. मोफत असली, तरी तिची पहिली पायरी चढता येत नसेल तर त्या सवलतीचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सवलत घेतलेल्या प्रवाशांची मोजदाद तिकिटांवरून होते. चढता न आल्यामुळे घरीच राहिलेल्यांची नोंद कोणत्याही तिकिटात होत नाही.

हेही पहा

• महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
• बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम
• मुंबई उपनगरी रेल्वे
• सुगम्य भारत अभियान