पालखीची वाट आणि प्रवासाची शिस्त: बारामती-इंदापूरचा पट्टा

देहूहून पंढरपूरला निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पाटस सोडते, रोटी घाट चढते आणि बारामती तालुक्यात येते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी हे इथून पुढचे मुक्काम. ज्येष्ठ वद्य सप्तमीला सुरू होऊन आषाढी एकादशीला संपणाऱ्या या प्रवासातला मोठा भाग अशा रीतीने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतच सरतो. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याची प्रथा 1685 साली घातली, असे परंपरा सांगते. आरंभी देहूची पालखी आळंदीला जाई आणि तिथून ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह पुढे निघे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र केला आणि दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आळंदीची पालखी दिवे घाटाने सासवड-जेजुरीकडे वळली. तुकोबांच्या पालखीचा मार्ग यवत, वरवंड, बारामतीवरून इंदापूरला जातो.

हा मुलूख प्रवाशाला सुखाचा नव्हता. उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला नीरा असली तरी मधला सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. पेशवाई संपली तेव्हा इंदापूर परगण्यातली गावेच्या गावे ओस पडू लागली होती. इंग्रजांनी प्रथम लावलेला सारा रयतेला झेपेना, जमिनी पडीक राहू लागल्या, म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने पाहणी केली आणि 1836 साली इंदापूर तालुक्यात 30 वर्षांची जमाबंदी लागू झाली. पुढे मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या सारापद्धतीचा आरंभ या कोरड्या तालुक्यात झाला. ज्या गावात स्वतःच्याच कणगीची शाश्वती नाही, तिथे हजारो पाहुण्यांनी एका रात्रीपुरते उतरायचे, ही वारीची खरी अडचण होती. वारीची प्रवासशिस्त या अडचणीतून समजून घ्यावी लागते.

वारकरी आपला भार शक्यतो आपणच वाहत असे. पडशीत शिधा, अंगावर घोंगडी, हातात तांब्या, एवढ्यावर वाट चाले. पाल, भांडी आणि सामान बैलगाडीत असे. आज बैलगाडीच्या जागी ट्रक आणि पाण्याचा टँकर आला आहे, पण सामान दिंडीचे आणि त्याची व्यवस्थाही दिंडीची, हे बदललेले नाही. एकट्याने सुटून चालण्यापेक्षा दिंडीत नाव लावावे, जेवणखर्चाची भिशी भरावी, विणेकऱ्याच्या मागे-पुढे आपली जागा ओळखावी, ही रीत आहे. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडला जाऊ नये याकडे चोपदारांचे लक्ष असते. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात मुक्कामाच्या समाजआरतीच्या वेळी हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि दिंड्यांच्या तक्रारीही तिथेच ऐकल्या जातात. तक्रार असलेली दिंडी चोपदार येईपर्यंत टाळ वाजवत राहते. लाखोंच्या समुदायाला सांभाळणारी इतकी साधी आणि चोख व्यवस्था क्वचितच कुठे पाहायला मिळते.

गावांनीही आपला वाटा ठरवून घेतला. यवतला पिठलं-भाकरीचा बेत असतो. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि तिथेच पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगरवस्त्यांच्या या भागात मेंढरांनाही वारीत मान मिळतो, ही गोष्ट या मातीला शोभणारी आहे. बेलवाडीत अश्वांचे पहिले गोल रिंगण होते, नंतरचे इंदापुरात. रिंगणाला मोकळे, सपाट मैदान लागते. पेरणीच्या दिवसांत असे मैदान मिळणे गावाच्या संमतीवर अवलंबून असते. मृगाचा पाऊस झाला की पेरणी आटपून शेतकरी वारीला निघतो, त्यामुळे पेरलेल्या रानाची किंमत पाहुण्याला आणि यजमानाला सारखीच कळते.

1880च्या दशकात नीरेचा डावा कालवा झाला आणि ही वाट पालटली. भाटघर धरणाचे पाणी बारामती-इंदापूरच्या रानांत आले, सणसर-बेलवाडीकडे ऊस उभा राहिला, पुढे वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. मुक्कामाच्या गावांना पाणी मिळाले, तशी यजमानपणाची ताकदही वाढली.

पण पाण्याबरोबरच एक जुने भय होते, पटकीचे. यात्रेकरू ज्या विहिरीचे आणि नदीचे पाणी पीत, तीच दूषित होई आणि परतणारा यात्रेकरू रोग गावी नेई. 1865 साली हजच्या यात्रेत पटकीचा मोठा उद्रेक झाल्यावर 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिथे भारतातल्या यात्रांकडेही बोट दाखवले गेले. इंग्रज सरकारने यात्रांवर देखरेख वाढवली. 1897 च्या साथरोग कायद्याने निर्बंध घालण्याचे अधिकार हाती आले आणि विसाव्या शतकात यात्रेआधी लस टोचण्याच्या मोहिमा निघाल्या. त्या काळच्या कागदपत्रांत यात्रेकरूचा गलिच्छपणा जितका रंगवला आहे, तितका त्याला प्यायला दिलेल्या पाण्याचा विचार केलेला दिसत नाही, आणि हा मोठा अन्याय होता. आता पालखी येण्याआधी ग्रामपंचायती विहिरींत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकतात, आरोग्य पथके वाटेवर उभी राहतात. मागे राहणारी घाण हा यजमान गावांचा सर्वांत जुना त्रास. गेल्या दशकापासून ‘निर्मल वारी’ उपक्रमात फिरती शौचालये मुक्कामांवर येऊ लागली, तेव्हा कुठे त्यावर गंभीर उपाय सुरू झाला.

2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि बारामती-इंदापूरचे मुक्काम रिकामे राहिले. संसर्ग टाळण्यासाठी वारकऱ्यांनी घरी राहायचे मान्य केले. 2022 पासून पायी सोहळा पूर्ववत झाला.

दरम्यान रस्ताच बदलला. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटस, बारामती, इंदापूरवरून तोंडले-बोंडल्याकडे जाणारा सुमारे 130 किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग 965जी म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या कडेला पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली आहे. वाहनांपासून सुरक्षितता मिळाली, मात्र रुंदीकरणात जुन्या झाडांची सावली गेली. नवी लावलेली रोपे मोठी होईपर्यंत विसाव्याच्या जागी मंडपच लागतात. इंदापूर सोडल्यावर सराटीला या पट्ट्यातला शेवटचा मुक्काम होतो. तिथे नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घातले जाते आणि पालखी पुणे जिल्हा ओलांडून अकलूजकडे निघते.