उपदेशपीठ ते राजदूतपद : सुझन जॉन्सन कुक (थ्रेड)

१/ इतिहासात ‘पहिली स्त्री’ हे विशेषण वारंवार भेटते. परंतु पद मिळणे आणि अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन पाळक व राजदूत सुझन जॉन्सन कुक यांची कारकीर्द हा भेद स्पष्ट करते.

२/ जन्म १९५७. धर्मशास्त्राचे शिक्षण न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत. १९८३ साली, वयाच्या २६व्या वर्षी, मॅनहॅटनमधील मरीनर्स टेम्पल या चर्चने त्यांना ज्येष्ठ पाळक म्हणून निवडले. अमेरिकन बॅप्टिस्ट मंडळींत या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत.

३/ हे शक्य कसे झाले? या बॅप्टिस्ट परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते. एखादी मंडळी तयार असेल, तर वरून अडवणारा बिशप नसतो. मात्र याचीच दुसरी बाजू अशी, की स्त्रियांना नाकारणाऱ्या मंडळीला भाग पाडणारेही कोणी नसते. एक दार उघडले म्हणून शेजारचे उघडत नाही.

४/ खलाशांसाठी सुरू झालेल्या या जुन्या चर्चमध्ये तेव्हा मोजकेच सभासद उरले होते. भोवती मात्र कचेऱ्या, न्यायालये, नोकरदारांची वर्दळ. कुक यांनी आठवड्याच्या मध्यावर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उपासना सुरू केली. रविवारी न येणारा माणूस बुधवारी येऊ लागला आणि मंडळी वाढली.

५/ १९९० मध्ये त्या न्यूयॉर्क पोलीस दलाच्या चॅप्लेन, म्हणजे दलाच्या धर्मसेवक झाल्या. हेही पद स्त्रीला प्रथमच मिळाले. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर शोकाकुल पोलीस व त्यांचे कुटुंबीय यांना आधार देणाऱ्यांत त्या होत्या.

६/ दरम्यान १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वंशविषयक प्रश्नांसाठी सात जणांचे सल्लागार मंडळ नेमले. अध्यक्ष होते विख्यात इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन. कुक त्याच्या सदस्य होत्या. पुढे कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांच्या हॅम्पटन परिषदेच्याही त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

७/ आता राजनय. १९९८च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्यासाठी विशेष राजदूताचे पद निर्माण केले. जून २०१० मध्ये ओबामांनी त्यावर कुक यांचे नाव सुचवले. त्यांना राजनयाचा अनुभव नाही, असा आक्षेप आला. सिनेटमध्ये नियुक्ती रखडून रद्दबातल झाली. २०११ मध्ये नाव पुन्हा पाठवावे लागले.

८/ येथे एक तुलना आवश्यक आहे. या पदावरील पहिले राजदूत रॉबर्ट सायपल हेही व्यावसायिक राजनयिक नव्हते. ते वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख होते. अर्थात अनुभवाचा प्रश्न विचारणे गैर नव्हे. पण तो कोणाला किती कठोरपणे विचारला जातो, हेही इतिहासाने नोंदवावे.

९/ एप्रिल २०११ मध्ये सिनेटने मान्यता दिली. या पदावरील त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. खरी अडचण पुढेच होती. कायद्याच्या शब्दांत हा राजदूत राष्ट्राध्यक्ष व परराष्ट्रमंत्र्यांचा प्रमुख सल्लागार; प्रत्यक्षात त्याचे कार्यालय मानवी हक्क विभागाच्या एका सहायक मंत्र्याच्या अखत्यारीत. पद मोठे, पायरी खालची.

१०/ ऑक्टोबर २०१३ मध्ये, अडीच वर्षांनी, त्या पायउतार झाल्या. त्यांचे उत्तराधिकारी डेव्हिड सेपरस्टीन यांना सिनेटची मान्यता मिळेपर्यंत डिसेंबर २०१४ उजाडला. डिसेंबर २०१६च्या दुरुस्ती कायद्याने या राजदूताने थेट परराष्ट्रमंत्र्यांना अहवाल द्यावा, असे ठरले.

११/ म्हणून कुक यांच्या राजदूतपदाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना त्यांनी काय केले याबरोबरच त्यांच्या हाती काय दिले गेले होते, हेही पाहावे लागते. मरीनर्स टेम्पलमध्ये निर्णय मंडळीचा आणि पाळकाचा होता. तेथे त्यांनी ओस पडत चाललेले चर्च उभे केले. वॉशिंग्टनमध्ये त्यांना पद मिळाले. त्या पदाला साजेसे स्थान त्या गेल्यानंतर तीन वर्षांनी आले.