सासूबाईंना खालीच बसवायचं?



दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं, यावर आमच्याकडे आठवडाभर वाद चालला. मुलांना समुद्र हवा, सासूबाईंना श्रवणबेळगोळ. पण विंध्यगिरीला सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी, आणि त्यांचे गुडघे हे असे! "त्यांना खालीच बसवू," मी बोलून गेले. मग माझी मलाच लाज वाटली.

कारण ती मूर्तीच मुळी एका आईच्या ध्यासातून घडली. गंग राजांचा मंत्री चावुंडराय. त्याच्या आईने, काळलदेवीने, पौदनपूरच्या बाहुबलींचं वर्णन ऐकलं आणि दर्शनाचा हट्ट धरला. लेक तिला घेऊन निघाला. वाटेत बेळगोळला मुक्काम पडला, स्वप्नात दृष्टांत झाला आणि पुढचा प्रवास राहिलाच, अशी कथा आहे. इ. स. ९८१ च्या सुमारास अखंड खडकातून सुमारे ५७ फुटांचे बाहुबली तिथेच उभे राहिले. पायाशी 'श्री चावुण्डराजें करवियलें' असं कोरलंय, चक्क मराठीत!

पहिल्या अभिषेकाला चावुंडरायाचं घडे घडे दूध म्हणे मूर्तीच्या पायापर्यंत पोचेना. ते पोचलं एका म्हातारीच्या इवल्याशा गुल्लकायीतल्या दुधाने. त्या गुल्लकायज्जीची मूर्ती आजही बाहुबलींच्या समोर उभी आहे. मंत्र्याला जमलं नाही, ते आजीला जमलं.

वर जायला डोली मिळते. सासूबाईंसाठी तीच करायची ठरलंय. समुद्र पुढच्या वर्षी. धाकटा आत्तापासून विचारतोय, आजीच्या मांडीवर बसून मीपण डोलीतून येऊ का?