नागभीडची गाडी आणि गॅलिलिओची चूक

नागपूर ते नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे १९०८ साली सुरू झाली आणि रुंदीकरणासाठी २०१९ साली थांबली. त्या गाडीवरच एक उदाहरण घालू. नागभीड स्थानकातून सुटलेल्या गाडीचा वेग एकसारखा वाढत ५० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर झाला. तेवढ्या वेळात ती किती अंतर गेली?

विद्यार्थी लगेच सूत्र आठवू लागतात. पण ‘एकसारखा वाढत’ म्हणजे काय, असे आम्ही विचारले की वर्ग गप्प होतो. दर सेकंदाला सारखी वाढ, की दर मीटरला?

याच ठिकाणी गॅलिलिओही चकला होता. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने १६०४ साली आपला मित्र पाओलो सार्पी याला पत्रातून कळवले. ऐकताना हे पटते. आता हा नियम आपल्या गाडीला लावून पाहू. सुटताना कापलेले अंतर शून्य, म्हणून वेग शून्य. वेग शून्य, म्हणून अंतरही वाढत नाही. म्हणजे गाडी नागभीडच्या फलाटावरून कधी हलणारच नाही!

पुढे गॅलिलिओने चूक सुधारली. वेग वाढतो तो काळाच्या प्रमाणात. सरळ खाली पडणारी वस्तू फार भरभर जाते आणि तेव्हा सेकंद अचूक मोजणारी घड्याळे सहज मिळत नव्हती. म्हणून त्याने लाकडी तुळईत गुळगुळीत खाच कोरली, तुळई किंचित तिरपी केली आणि खाचेतून धातूची गोळी सोडली. बारीक धारेने भांड्यात पडलेले पाणी तोलून त्याने वेळ ठरवला. दुप्पट वेळात चौपट, तिप्पट वेळात नऊपट अंतर कापले जाते, असे दिसले. हे सारे १६३८ साली लेडन येथे छापलेल्या त्याच्या ग्रंथात आहे.

उदाहरण सोडवण्याची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील पंडितांनी ती सांगितली: वेग काळानुसार एकसारखा वाढत असेल, तर पहिल्या व शेवटच्या वेगांची सरासरी घ्यावी. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सुरुवातीचा वेग शून्य, म्हणून सरासरी ५. पन्नास सेकंदांत २५० मीटर. वेगात दर सेकंदाला ०.२ मीटर प्रतिसेकंदाची भर पडली, हेच त्वरण. सूत्र पाठ नसतानाही उत्तर आले. खरी गाडी इतकी एकसारखी वेग घेत नाही, हेही वर्गात सांगावे. सूत्रांची मर्यादा त्यातून कळते.

‘दर मीटरला’ असे उत्तर आले, तर लगेच लाल रेघ मारू नये. त्या विद्यार्थ्याला गाडी फलाटावरून हलवून दाखवायला सांगावे. ही चूक उमगायला गॅलिलिओला काही वर्षे लागली. आपण एक तासिका द्यायला काय हरकत आहे?