कागदावरची चेतापेशी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते. फांद्या फुटलेला पेशीचा देह, त्यातून निघालेला लांबलचक अक्षतंतू आणि त्याच्या टोकाला पुन्हा बारीक फाटे. परीक्षेत ती नावे देऊन काढायची असते. ‘न्यूरल नेटवर्क’ समजावणाऱ्या पुस्तकात वेगळीच आकृती दिसते. एक वर्तुळ, त्यात शिरणारे चार-पाच बाण आणि बाहेर पडणारा एक. या वर्तुळालाही न्यूरॉनच म्हणतात. आजच्या संवाद साधणाऱ्या प्रणाली अशाच वर्तुळांचे थरावर थर रचून बनल्या आहेत. पहिल्या आकृतीची दुसरी कशी झाली आणि वाटेत पेशीतले काय काय गळाले, हे पाहिल्याशिवाय यंत्राच्या बुद्धीविषयी नेमके बोलता येणार नाही, असे मला वाटते.

सुरुवात एका स्वयंपाकघरात होते. इटलीतल्या अब्बियातेग्रासो गावच्या रुग्णालयात कामिल्लो गोल्जी याने स्वयंपाकघरालाच प्रयोगशाळा केले होते. १८७३ मध्ये त्याने मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवले आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवले. फार थोड्या पेशी काळ्या पडल्या; पण ज्या पडल्या त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर काळ्या गिचमिडीपलीकडे काहीच दिसले नसते. गोल्जीला हे सारे एकमेकांत मिसळलेले अखंड जाळे वाटले. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल याने १८८७ मध्ये ही पद्धत पाहिली आणि सुधारून घेतली. पुढच्याच वर्षी बार्सेलोनात पक्ष्यांच्या मेंदूचे छेद न्याहाळताना त्याला नेमके उलट दिसले. प्रत्येक पेशी सुटी आहे. तिचा तंतू शेजारणीपर्यंत पोचतो, तिच्यात विरघळत नाही.

१८९१ मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने या सुट्या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा जुना अर्थ कंडरा किंवा दोरी. १९०६ चे वैद्यकाचे नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले, तेव्हाही गोल्जीने आपल्या नोबेल व्याख्यानात या सुट्या पेशीच्या सिद्धांतावरच टीका केली. निकाल काहालच्या बाजूने लागला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दाखवली.

पेशी सुटी ठरली म्हणून ती हिशेबात धरता आली. पुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. १९२० च्या दशकात एडगर एड्रियन याने एकेका चेतातंतूतले विद्युतस्पंद टिपले. स्पंद एक तर पूर्ण जातो, नाही तर जातच नाही. अर्धा स्पंद नसतो. पण त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट होती. उद्दीपनाचा जोर वाढवला की स्पंद मोठा होत नव्हता; स्पंद अधिक वेळा येत होते. म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्यावर गोष्ट संपत नव्हती. किती वेळा आणि केव्हा, यालाही अर्थ होता.

कागदावरची चेतापेशी जन्मली ती यातला पहिला अर्धा भाग उचलून. शिकागोत वॉरन मॅक्‌कलक हा मनोविकारतज्ज्ञ, पेशींतून विचार कसा उभा राहतो या प्रश्नाने झपाटलेला होता. त्याला वॉल्टर पिट्स भेटला. डेट्रॉइटच्या गरीब घरातला, पदवी नसलेला, विशीच्या उंबरठ्यावरचा हा मुलगा गणिती तर्कशास्त्रात मुरलेला होता. मॅक्‌कलकने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. १९४३ मध्ये दोघांनी मिळून जो निबंध प्रसिद्ध केला त्यात पेशीचे एक सोपे यंत्र झाले होते. येणारे संकेत ठरावीक उंबरठा ओलांडतात तेव्हा ती पेटते, एरवी गप्प राहते. अशा पेशी जोडल्या की ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ही तर्काची सारी कामे होतात, हे त्यांनी सिद्ध केले.

या आकृतीत पेशीची रसायने नव्हती, फांद्यांचा आकार नव्हता, स्पंदांची लय नव्हती. शिकल्यामुळे जोडण्यांत होणारा बदलही त्यांनी बाजूला ठेवला. त्याऐवजी न बदलणारे, तर्काने समतुल्य असे जाळे घेता येते, असे त्यांनी म्हटले. आणि असे समतुल्य असणे म्हणजे प्रत्यक्ष घडामोडीचा खुलासा नव्हे, हेही त्याच निबंधात नोंदवले. पुढच्या गदारोळात हा इशारा मागे पडला. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, जॉन फॉन नॉयमन याने एडव्हॅक या संगणकाचा आराखडा लिहिला. त्यात त्याने ज्या एकाच प्रकाशित निबंधाचा हवाला दिला, तो हाच होता. मेंदूची आकृती आता संगणकाची आकृती झाली होती.

गळालेले ‘शिकणे’ परत आणले मॉन्ट्रियलच्या डोनाल्ड हेब याने. एक पेशी दुसरीला पेटवण्यात वारंवार सहभागी झाली तर त्या दोघींमधली जोडणी बळावते, ही कल्पना त्याने १९४९ च्या पुस्तकात मांडली. मानसशास्त्रज्ञ फ्रँक रोझेनब्लाट याने तिला यंत्राचा देह दिला. त्याच्या ‘मार्क १ पर्सेप्ट्रॉन’मध्ये ४०० प्रकाशसंवेदी घटक होते आणि जोडण्यांचे वजन कमी-जास्त करायला मोटरीने फिरणारी बटणे. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पर्सेप्ट्रॉनचे संगणकावरचे प्रात्यक्षिक घडवले. डावीकडे खूण असलेले कार्ड आणि उजवीकडे खूण असलेले कार्ड यांतला फरक पन्नास खेपांनंतर त्याने ओळखला. वर्तमानपत्रांत मात्र हे यंत्र एक दिवस चालेल, बोलेल आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव असेल, अशी अपेक्षा छापून आली.

त्याची मर्यादा समजायला जिन्याचा दिवा पुरतो. खाली एक बटण, वर एक बटण. दोन्हींची स्थिती वेगळी असली तर दिवा लागतो, सारखी असली तर विझतो. एवढा साधा नियम कागदावरच्या एकाच पेशीला काही केल्या शिकता येत नाही. मार्विन मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट यांनी १९६९ च्या ‘पर्सेप्ट्रॉन्स’ या पुस्तकात अशा मर्यादांची गणिती सिद्धता दिली आणि या वाटेवरचा उत्साह ओसरला. त्याच वर्षी मे महिन्यात पिट्स वारला आणि सप्टेंबरात मॅक्‌कलक.

पिट्सचे शेवटचे पर्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९५९ मध्ये लेटव्हिन, मातुराना, मॅक्‌कलक आणि पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. डोळा चित्र जसेच्या तसे मेंदूकडे पाठवतो आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो, असे मानले जाई. बेडकाच्या डोळ्यातून निघणारे तंतू मात्र निवडूनच बातमी देत होते. लहान, गडद, हलणारी वस्तू दिसली की विशिष्ट तंतू पेटत. कीटकाची चाहूल डोळ्यातच घेतली जात होती. मेंदूतल्या शुद्ध तर्काचे स्वप्न पाहिलेल्या पिट्सने जिवंत पेशीचा हा पुरावा स्वतः हाताळला. आपले प्रकाशित न झालेले संशोधन त्याने जाळून टाकले होते.

१९८६ मध्ये रमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या ‘नेचर’मधल्या निबंधाने थरावर थर असलेल्या जाळ्याला शिकवण्याची रीत सर्वदूर पोचवली. उत्तरात किती चूक झाली ते मोजायचे आणि त्या चुकीचा हिशेब उलट्या दिशेने, थराथराने मागे नेत प्रत्येक जोडणीचे वजन सुधारायचे. जिन्याच्या दिव्याचा नियम आता सहज शिकता आला. पण हिशेब मागे नेता यावा म्हणून पेशीचे उत्तर ‘आहे-नाही’ असे राहून चालत नव्हते. ते हळूहळू वाढणारे, गुळगुळीत वक्राचे करावे लागले. म्हणजे ज्या एका गुणासाठी १९४३ मध्ये जिवंत पेशीची नक्कल केली होती, तोच गुण यशासाठी सोडावा लागला. मेंदू अशा उलट्या हिशेबाने शिकत असेल हे संभवत नाही, असा आक्षेप फ्रान्सिस क्रिक याने १९८९ मध्ये नोंदवला.

त्याच १९८६ मध्ये एका इवल्याशा सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. तो हाती असूनही त्या कृमीच्या वागण्याचा पूर्ण उलगडा केवळ त्यावरून होत नाही. २०२१ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी आणखी एक मोजमाप दिले. मेंदूच्या बाह्यकातल्या एकाच पेशीचे वर्तन हुबेहूब वठवायला कृत्रिम पेशींचे पाच ते आठ थरांचे जाळे लागते. वर्तुळ आणि पेशी यांच्यातले अंतर यातून कळते.

कागदावरच्या पेशीचे यश खोटे आहे, असे मला म्हणायचे नाही. २०१२ मध्ये साडेसहा लाख कृत्रिम पेशींच्या जाळ्याने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत सर्वांना मागे टाकले आणि तिथून आजचे युग सुरू झाले. या जाळ्यांना काय येते ते त्यांचे काम तपासून ठरवावे. त्यांना जाणीव आहे का, हा प्रश्नही खुलेपणाने विचारावा. पण ‘यात न्यूरॉन आहेत, म्हणजे हा मेंदूच’ हा युक्तिवाद टिकत नाही. मराठीत तर अधिक जपायला हवे, कारण आपण त्या पेशीला चेतापेशी म्हणतो आणि चेता म्हटले की चेतना आठवते. नाव कुळ सांगते. गुण सांगेलच असे नाही.

काहाल आणि गोल्जी यांना १९०६ मध्ये नोबेल मिळाले ते वैद्यकाचे. २०२४ मध्ये जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना कृत्रिम जाळ्यांसाठी नोबेल मिळाले ते भौतिकशास्त्राचे.