माशाचा सांगाडा की कवच?

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे पालक एडवर्ड लुइड यांना १६९८ साली वेल्समधील लँडायलोजवळ एक जीवाश्म सापडला. मार्टिन लिस्टर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो चपट्या माशाचा सांगाडा ठरवला. चूक स्वाभाविक होती : मधला उंचवटा कण्यासारखा, दोन्हीकडच्या आडव्या पट्ट्या काट्यांसारख्या. पण सांगाडा मांसाच्या आत असतो. हे तर एका संधिपाद प्राण्याचे अंगावरचे कवच होते. अशाच तीन उभ्या भागांवरून १७७१ मध्ये वाल्ख यांनी ‘ट्रायलोबाइट’ हे नाव दिले. १८२२ मध्ये ब्राँन्यार यांनी लुइड यांचा ‘मासा’ असाफस प्रजातीत घातला. आज ती प्रजाती ओगिजिओकारेला. वक्षाचे आठ खंड ही तिच्या कुळाची खूण. नावे बदलत गेली. लुइड यांचा अर्थ चुकला, पण चित्र चुकले नव्हते. म्हणूनच तो प्राणी आजही ओळखता येतो.